गाडीखाली शिरणं कधी थांबवावं?

दहा_अकराचा_पाना (सातारा)

मंडळी, माझ्याकडे एक पद्मिनी (प्रीमियर कंपनीची जुनी फियाट) आहे आणि एक कार्बोरेटरवाली मारुती 800. दोन्ही गाड्यांचं ऑइल, ब्रेक, पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क), प्लग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), ग्रीसिंग मी घरीच करत आलो. नोकरी कारखान्यात टूलरूममध्ये झाली, त्यामुळे हाताला पाना नवा नाही. आता वय 64. हात चालतात, पण पूर्वीसारखे नाहीत, आणि या "पूर्वीसारखे नाहीत"मध्ये नेमकं काय काय येतं ते कोणी नीट सांगत नाही. डॉक्टर म्हणतात वय झालं. मुलगा म्हणतो विका. गॅरेजवाला म्हणतो माझ्याकडे टाका. तिघांचंही बरोबर असेल, पण रविवारी सकाळी बोनेट उघडून बसण्यात काय असतं ते तिघांपैकी एकालाही ठाऊक नाही.

अडचणी सांगतो. गाडीखाली जाणं जमतं, बाहेर येणं अवघड. म्हणजे येतो, पण कुशीवर वळून, कोपरावर भार देऊन, मग बंपरला धरून. दुसरं, डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंटचा स्क्रू. चिमटीत धरून बसवताना हमखास निसटतो आणि खाली कुठे जातो देव जाणे. तिसरं, उतार. साताऱ्यात सपाट जागा मिळायला नशीब लागतं. आमची गल्ली अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची, इथे बादली लवंडली तर पाणी थेट खालच्या घरच्या अंगणात. तरुणपणी चाकामागे एक दगड सारला की विषय संपायचा. आता दोन दगड लावले तरी खाली पडल्यापडल्या कान चाकाकडे असतो.

गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट मी केव्हाच सोडून दिली, त्याचं काही वाटलं नाही. पण पुढे काय ठेवायचं, काय सोडायचं, आणि ते ठरवायचं कशावरून? अनुभव लिहा. "काका, आता आराम करा" लिहिणाऱ्यांनी दुसरा धागा बघावा.

कृष्णाकाठचा_जिप्सीवाला (सांगली)

अगदी मनातला विषय. मी 67.

मला वय कळलं ते 2019 च्या पुरात. गाडी दोन दिवस पाण्यात होती. पाण्यातून निघालेल्या जिप्सीचं इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं-मागचं डिफरन्शियल, सगळीकडचं ऑइल बदलावं लागतं. पाणी शिरलं की ते दुधाळ होतं. म्हणजे पाच ठिकाणी खाली झोपायचं. वर चाकं उतरवून ब्रेकमधला गाळ काढायचा, बेअरिंग धुवून पुन्हा ग्रीस भरायचं. 2005 च्या पुरानंतर हेच सगळं मी एकट्याने उरकलं होतं, संध्याकाळी आयर्विन पुलावर पाणी किती उतरलं ते बघायलाही गेलो होतो. 2019 ला दोन ऑइलं झाली आणि मी तिथेच पडून राहिलो. चौदा वर्षांत गाडी तीच, पाने तेच, माणूस दुसरा.

त्यानंतर जोर लावायचं काम मी हिशेबाने करायला लागलो. 100 न्यूटन-मीटरला घट्ट बसलेला नट सोडवायचा तर पाव मीटर लांबीच्या पान्यावर साधारण 40 किलोचा जोर लागतो. अर्ध्या मीटरचा बार घेतला की 20 किलो. आपण सगळे हे शाळेत शिकलो, पण खांद्यात कळ येईपर्यंत कोणी वापरत नाही. बॅटरीवरचा इम्पॅक्ट पानाही घेतला. "कशाला पैसे घालवतोस" म्हणणारेच आता मागून नेतात. फक्त एक, इम्पॅक्ट सोडवण्यापुरता. आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराला आवळणारा पाना. नाहीतर आटे जातात आणि मग खरं काम सुरू होतं.

चाक स्टडवर चढवायला उचलू नका. जमिनीवर बसा, टायरखाली पहार सरकवा, पायाने पहार दाबा, चाक हवं तेवढं वर येतं. कंबर मध्ये येतच नाही.

पेठेतला_कार्टा (सातारा)

पाने काका, स्क्रू पडला तर शोधू नका. इंजिनाखालच्या पत्र्यात तुमच्या लग्नाआधीचेही सापडतील.

(स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावा, धरून राहतो. आमच्या आजोबांची आयडिया.)

चष्म्याचं_दुकान (मिरज)

मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण गाडीवर काम करणारे बरेच जण दुकानात येतात आणि सगळ्यांची तक्रार एकच: "नवीन नंबर काढला तरी गाडीखाली दिसत नाही." नंबर बरोबर असतो. चष्मा चुकीच्या कामाला लावलेला असतो.

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं बघायला ते फुगत नाही. म्हणून बायफोकल. पण बायफोकलमध्ये जवळचं बघायची खिडकी खालच्या बाजूला असते, कारण पुस्तक, ताट, मोबाइल सगळं नजरेच्या खाली येतं. गाडीखाली उताणं झोपल्यावर बघायची वस्तू डोक्याच्या दिशेला असते. मग माणूस खालच्या खिडकीतून बघायला हनुवटी वर काढतो, मान मागे मोडतो, आणि दुसऱ्या दिवशी मानेला पट्टा. प्रोग्रेसिव्हमध्येही (रेघ नसलेली, खाली जाताना नंबर बदलत जाणारी काच) तीच गत.

दुसरी गोष्ट अंतराची. ज्याला दूरचा नंबर नाही आणि ज्याच्या डोळ्यात जवळची ताकद फारशी उरलेली नाही, त्याला +2.50 च्या काचेतून साधारण 40 सेंटिमीटरवरचं स्वच्छ दिसतं. पेपर वाचायला ठीक. बोनेटमध्ये वाकल्यावर वस्तू असते 60 ते 70 सेंटिमीटरवर, तिथे +1.50 लागतो. गाडीखाली नाकासमोर 28-30 सेंटिमीटरवर असलेल्या नटाला +3.50 च्या आसपास. दूरचा नंबर असेल तर हे त्यात मिळवायचं. म्हणजे गॅरेजसाठी पूर्ण काचेचे, एकाच नंबरचे दोन साधे चष्मे करून घ्या. डोक्यावरच्या फळीतले स्विच बघणाऱ्यांसाठी वर आणि खाली दोन्हीकडे जवळचा नंबर असलेली भिंगंही मिळतात, मागवून देता येतात.

उजेडाचं तर कोणी बोलतच नाही. विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एकतृतीयांशच साठीतल्याच्या पडद्यावर पोचतो. बाहुली लहान राहते, भिंग पिवळं पडतं. त्यामुळे जुना 40 चा बल्ब आता पुरणार नाही, कपाळाला बांधायची बॅटरी घ्या. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरून येणारा पांढरा प्रकाश उलट चकाकतो, तेव्हा दिवा बाजूने लावा. आणि खालून गंज खरवडताना वाचायचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. पॉलिकार्बोनेटचा बंद गॉगल वरून घाला.

दहा_अकराचा_पाना (सातारा)

मानेचं कारण आज कळलं. मी उशी बदलत होतो.

कराडची_लेक (पुणे)

मी गाडीवाली नाही, गाडीवाल्याची मुलगी आहे. बाबा 71, कराडला. मागच्या शेडमध्ये त्यांची 800 आणि ते. आई पुढच्या खोलीत टीव्हीपाशी. मी पुण्यातून फोन करते, तो शेडमधल्या फळीवर वाजत राहतो. ते खाली असतात. उचलत नाहीत म्हणजे काम चाललंय की काही झालंय, हे मला इथे बसून कळत नाही.

मला गाडी विकायची नाहीये. दिवाळीत आम्ही दोघं मिळून प्लग साफ करतो, तेवढ्यात बाबा जेवढं बोलतात तेवढं एरवी वर्षभर बोलत नाहीत. पण "तू काळजी करू नकोस" हे उत्तर मला पुरत नाही. इथल्या काकांनी सांगावं, तुमच्या मुलांनी तुम्हाला नेमकं काय म्हटलं तर तुम्ही ऐकाल?

जुना_खोड (वाई)

काहीच म्हटलं नाही तर.

कृष्णाकाठचा_जिप्सीवाला (सांगली)

खोडसाहेब, तिने विचारलंय ते नीट विचारलंय.

ताई, बाबांना तीन वस्तू घेऊन द्या, उपदेश नको. एक, चांगल्या घोड्यांची जोडी (उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी स्टँड). जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. जॅकचं सील कधी दगा देईल सांगता येत नाही. 800 हलकी म्हणतात, पण साडेसहाशे किलो आहे ती. दोन, झिपवाला खिसा छातीवर असलेला डगला, फोन त्यात. तीन, लाकडी ठोकळे, चाकाच्या मापाने तिरके कापलेले. शिवाय घोड्यांवर गाडी घेतल्यावर स्टेपनी काढून गाडीच्या कडेखाली आडवी सारून ठेवायची. घोडी घसरलीच तर गाडी स्टेपनीवर बसते, माणसावर नाही.

पाने साहेब, तुमच्या उतारासाठी: पद्मिनीची मागची दोन्ही चाकं उचलली की गिअरही धरत नाही आणि हँडब्रेकही. गाडीला रस्त्याशी बांधून ठेवणारं काही उरत नाही, फक्त पुढच्या चाकांचे ठोकळे. 800 ला गिअर पुढच्या चाकांवर, हँडब्रेक मागच्यांवर. म्हणजे कुठलं टोक उचललं त्यावर काय धरणार ते ठरतं. दोन गाड्या घरात असल्या की सवयीने गफलत होते.

दहा_अकराचा_पाना (सातारा)

हो, म्हणूनच कान चाकाकडे असतो.

ताई, माझ्या मुलाचं मी एकच ऐकलं. तो म्हणाला, "खाली शिरण्याआधी मेसेज टाका, बाहेर आल्यावर टाका." 'का' सांगितलं नाही, वयाचा उल्लेख केला नाही. मी 'आत' लिहितो, नंतर 'बाहेर' लिहितो. सुनेला वाटतं आम्ही दोघं वेडे आहोत.

मिरज_ओपीडी (मिरज)

धागा वाचून राहवलं नाही. मी फिजिशियन, गाडीचं तेल कुठे घालतात तेही ड्रायव्हरला विचारतो, पण गाडीखालून उठून थेट आमच्याकडे येणारी माणसं पाहिली आहेत.

1. उठताना येणारी अंधारी. बराच वेळ आडवं पडून झटकन उभं राहिलं की रक्तदाब पडतो. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर आम्ही त्याची दखल घेतो. बीपीच्या गोळ्या, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, आणि प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिनसारखी औषधं, यांनी हे वाढतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये घाम गेला असेल तर आणखी. उपाय फुकट आहे: बाहेर आल्यावर जमिनीवरच बसा, पोटऱ्या हलवा, पाणी प्या, मग उठा.

2. गरगरणं. हे वेगळं. डोकं मागे टाकून आडवं झाल्यावर किंवा कूस बदलल्यावर काही सेकंद सगळं फिरतं. आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात, ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत गेले की असं होतं. पन्नाशीनंतर बरंच दिसतं, आणि गाडीखाली झोपण्याची पोझ म्हणजे त्याला आमंत्रणच. मानेचा मणका म्हणून लोक महिनोन्महिने पट्टा घालतात. बहुतेकदा कान-नाक-घसावाले डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते कण जागेवर नेतात. तोवर गाडीखाली जाऊ नका, फिरायला लागल्यावर हात आधार शोधतो आणि सापडतो तो गरम सायलेन्सर.

3. रक्त पातळ करायची गोळी. बोट कापलं तर दाबून धरा, थांबतं. भीती डोक्याची. बोनेटच्या कडेला टाळकं आपटलं, टेंगूळ आलं, विसरून गेलात, आणि काही दिवसांनी डोकं जड, बोलणं अडखळतंय, तर थेट दवाखाना. वयस्क माणसात मेंदूभोवतीचा रक्तस्राव सावकाश वाढू शकतो. कडक टोपी घाला, हसणाऱ्यांना हसू द्या.

4. मधुमेह. पायाची संवेदना कमी झालेला माणूस स्लीपर घालून गाडीवर काम करतो, पायावर पाना पडतो, रात्री मोज्याला रक्त दिसतं तेव्हा कळतं. बंद, जाड बूट. काम संपल्यावर तळपाय बघायचा, दिसत नसेल तर आरसा.

5. पेसमेकर असेल तर चालू इंजिनवर वाकू नका. इग्निशन कॉइल, प्लगच्या वायरी, अल्टरनेटर यांच्याजवळ छाती नेऊ नका. इंजिन बंद करून काम करा आणि आपल्या डॉक्टरांना आपला हा उद्योग सांगा. बहुतेक जण सांगतच नाहीत.

आणि तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणं या वयात पूर्ण बंद. फुप्फुसात गेलेलं थोडंसं पेट्रोलही न्यूमोनिया करतं. दहा वर्षांत धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर घ्या.

पेठेतला_कार्टा (सातारा)

डॉक्टर, तुम्ही लिहिलेलं वाचून मला पंचविशीतच गरगरायला लागलं.

विश्रामबागची_फियाटवाली (सांगली)

धागा सकाळपासून वाचतेय. मी 59, पद्मिनी वडिलांची, काम त्यांच्याकडून शिकले.

तुम्हा पुरुष मंडळींना साठीला जे उमगलं ते मला पंचविशीत उमगलं, कारण माझ्या मनगटात तुमच्याएवढा जोर कधीच नव्हता. तुम्ही जोर लावून काम केलंत आणि आता जोर गेल्यावर कामच गेलं असं वाटतंय. मला जोराशिवायच करावं लागलं. तर माझी पद्धत सांगते.

गंजलेला नट त्याच दिवशी सोडवायचा नाही. आदल्या रात्री ब्रशने घासून गंज उतरवायचा, पेनिट्रेटिंग ऑइल मारायचं, सकाळी पुन्हा. नटाच्या कडेवर हलके ठोके द्यायचे, जोरात एक घालायचा नाही. मग आधी किंचित आवळायचा. आवळताना 'कट' असा आवाज आला की गंजाची पकड तुटली, आता सोडवा. तरीही नाही तर उष्णता, पण तिथे रबर, ब्रेकची नळी, पेट्रोल नाही हे बघून, आणि आदल्या रात्रीचं ते ऑइलही पेट घेतं, म्हणून आधी पुसून. बसवताना आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावायचं. हे एकदा केलं की पुढच्या खेपेला नट हाताने फिरतो. माझ्या गाडीच्या सायलेन्सरचे नट तुमच्यापैकी कोणीही येऊन बघा. चाकाचे नट मात्र कोरडेच बरे. तेल-ग्रीस लागलं की टॉर्क रेंचचा आकडा तोच दिसतो आणि स्टड जास्त ताणला जातो.

पाना नेहमी अंगाकडे किंवा खाली ओढायचा, वर ढकलायचा नाही. खाली ओढताना अंगाचं वजन मदत करतं, वर ढकलताना फक्त खांदा.

बैठक महत्त्वाची. मिरजेत सतारमेकर गल्लीत वयस्क कारागीर भोपळ्यावर काम करताना पाहा. बसल्या जागेवरून हात पोचेल तिथे सगळी हत्यारं, उठबस नाही. मी छोट्या चाकांचा बुटका स्टूल केलाय, त्यालाच खाली ट्रे. उकिडवं बसणं माझ्या गुडघ्यांनी कधीच बंद केलं. आणि पान्यांच्या दांड्यांवर सायकलचं जुनं ट्यूब चढवलंय. जाड दांडा धरायला बोटांचे सांधे कमी दुखतात, अंगठ्याच्या मुळाशी तर फारच फरक.

ब्रेक ब्लीड करताना, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढताना, पेडल कोण मारतं असा प्रश्न येईल. आमचे 'हे'. मी खाली, ते वर. "दाबा", "धरा", "सोडा", एवढंच बोलणं. चांगला संसार झाला.

कृष्णाकाठचा_जिप्सीवाला (सांगली)

दंडवत. ट्यूबची आयडिया उद्याच.

जुना_खोड (वाई)

चांगलं लिहिलंय सगळ्यांनी, पण मला एक कळत नाही. इम्पॅक्ट पाना, घोड्या, दोन चष्मे, स्टूल, टोपी, मेसेज. एवढं सगळं करून ऑइलच बदलायचं ना? गॅरेजमध्ये अर्ध्या तासात होतं. आणि खालचं काम दुसऱ्याला देऊन वरचं आपण करायचं, तर त्याला छंद म्हणू नका. गाडीमालक म्हणा. मी करतोय तोवर सगळं करतो, ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी चावी देऊन टाकीन. अर्धवट नाही.

दहा_अकराचा_पाना (सातारा)

खोडसाहेब, इथे मी तुमच्याशी भांडणार.

गाडीखालचं काम म्हणजे काय? ड्रेन नट सोडणं, ग्रीस गन दाबणं, सायलेन्सरचा क्लॅम्प. यात डोकं किती? दुसऱ्या बाजूला, गाडी थंड असताना नीट सुरू होते आणि तापल्यावर चौकात बंद पडते, हे कंडेन्सरमुळे की पेट्रोल लाइनमध्ये वाफ धरतेय म्हणून की पॉइंट जळलेत म्हणून, हे ठरवायला काय लागतं? ते मी खुर्चीवर बसून करतो आणि चाळीस वर्षांपूर्वीपेक्षा चांगलं करतो. टूलरूममध्ये आमचे सर्वांत चांगले फिटर शेवटच्या काही वर्षांत फाइल क्वचितच हातात धरायचे. ते जॉब बघायचे आणि कुठे मारायचं ते सांगायचे. त्यांना कोणी 'मालक' म्हटलं नाही.

ऑइल वरूनच काढायचा पंप मिळतो, डिपस्टिकच्या नळीतून ओढून घेतो. खाली जावं लागत नाही.

जुना_खोड (वाई)

तळाचा गाळ त्या पंपाने येत नाही.

दहा_अकराचा_पाना (सातारा)

हे मान्य. म्हणून एक आड एक. एकदा वरून, एकदा खालून.

यवतेश्वरचा_वारा (सातारा)

डोळे, गुडघे, मनगट सगळ्यांनी लिहिलं. कान आणि नाक राहिलं.

वयाने आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. टॅपेटची टिकटिक, पट्ट्याची शीळ, एग्झॉस्टच्या गॅस्केटमधून येणारी सूं. बेअरिंगचा घुमणारा आवाज, सायलेन्सरची घरघर टिकून राहते. परिणाम असा की आपल्याला इंजिन वयाबरोबर गोड होत चाललंय असं वाटतं. माझा नातू म्हणाला, "आजोबा, केवढी टिकटिक करते तुमची गाडी." मी म्हणालो कुठे? तेव्हापासून टॅपेट कानावर सोडत नाही, ठरलेल्या किलोमीटरला फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून मोजतो. कानाचं मशीन लावून घेतलं असेल तर चालू इंजिनजवळ ते काढून ठेवू नका, आवाज कमी करा हवं तर.

नाक जास्त धोक्याचं. पेट्रोलचा वास आता मला उशिरा येतो. त्यात E20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आलंय. जुन्या गाड्यांच्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा हे इथेनॉल धरून बनवलेलेच नव्हते. फुगतात, मऊ पडतात, पाझरतात. ऊस आपल्याच जिल्ह्यांचा, कारखाने आपलेच, इथेनॉल आपलंच, नळी मात्र माझ्या गाडीची. सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालून घ्या आणि गाडी सुरू करण्याआधी वासावर न जाता पांढऱ्या फडक्याने जोड पुसून बघा.

कोणी घरी खड्डा करून घ्यायच्या विचारात असेल तर पुन्हा विचार करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साठते. वास न येणारा म्हातारा, खड्डा आणि ठिणगी हे एकत्र नको. शिवाय आमच्याकडच्या पावसात चार महिने त्यात बेडूक असतात.

कराडची_लेक (पुणे)

'आत' आणि 'बाहेर' बाबांना सांगितलं. आज पहिला मेसेज आला: "आत. आईला सांगू नको."

कुपवाड_फिटर (सांगली)

नमस्कार. माझं कुपवाड एमआयडीसीजवळ छोटं गॅरेज हाय. वय 48, पण कंबर 60 ची. आमच्या धंद्यात वय लवकर येतंय. कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून एक कान गेलाय. आन् बसायला रविवार नसतोय, म्हणून छंदवाल्यांचं वय उशिरा कळतंय आन् आमचं आधी.

खरी अडचण तुम्हा काका लोकांनी लिहिली न्हाई. तुम्ही सोडलं तर हे काम करणारं माणूस कुठाय? माझ्याकडं दोन पोरं हायत. हुशार हायत. स्कॅनर लावून कोड वाचतात, सेन्सर बदलतात. पण पॉइंटची गॅप म्हटलं की माझ्या तोंडाकडं बघतात. कार्बोरेटर उघडून बसवणारा आमचा जुना मिस्त्री आता यायचा बंद झाला, त्याचा हात कापतोय. पद्मिनीचं काही अडलं की मीच कोल्हापूरला उद्यमनगरात कोण म्हातारा टर्नर सापडतोय का बघत फिरतो.

म्हणून मी एक सुरू केलंय. सकाळी अकरापर्यंत माझी लिफ्ट मोकळी असते. दोन-तीन काका गाडी घेऊन येतात. गाडी लिफ्टवर, काका उभे, पोरगं खाली हात घालतंय आन् काका सांगतात. लिफ्टचं भाडं मी घेतो, पोराची मजुरी घेत न्हाई. ते शिकतंय ना. परवा एका काकांनी त्याला नुसत्या आवाजावरनं कुठला प्लग मारत न्हाई ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी पोरानं स्वतः करून बघितलं.

खोड आजोबांना सांगतो, अर्धवट वगैरे काही नसतंय. लोक तुमच्याकडं चावी मागायला न्हाई, टॅपेटचं ज्ञान मागायला येतील.

विश्रामबागची_फियाटवाली (सांगली)

लिफ्टचं माहीत नव्हतं! मी विश्रामबागहून किती वेळात पोचेन, पंधरा मिनिटं? फक्त पोराच्या जागी मीच हात घालणार, उभ्याने मला सगळं जमतं.

कुपवाड_फिटर (सांगली)

या की ताई. पोराला बाजूला बसवू.

जुना_खोड (वाई)

वाईला अशी लिफ्ट कोणाकडे आहे? सहज विचारतोय.

पेठेतला_कार्टा (सातारा)

😄😄

मिरज_ओपीडी (मिरज)

कागदपत्रांचंही कोणीतरी लिहा. माझ्या एका पेशंटचं लायसन्स संपलेलं त्यालाच माहीत नव्हतं.

यवतेश्वरचा_वारा (सातारा)

थोडक्यात. पंचावन्ननंतर लायसन्स नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं, सोबत डॉक्टरांचा फॉर्म 1ए. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी फेरनोंदणी. 2022 च्या एप्रिलपासून फेरनोंदणीची फी एकदम वाढली, त्यानंतर वीस वर्षांवरच्या गाड्यांना आणखी. जाण्याआधी ताजा आकडा ऑनलाइन बघून जा. 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं, म्हणजे लवकरच एकूण एक 800 या रांगेत असेल. पन्नास वर्षं पार केलेल्या पद्मिनीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण मग गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. भाजी आणायला पद्मिनी नेणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

दहा_अकराचा_पाना (सातारा)

सगळ्यांचे आभार. निदान माझ्यापुरतं काय ठरलं ते लिहितो. घरी उतारावर मागची बाजू उचलायची नाही, पुढची फक्त रॅम्पवर चढवायची. मागचं सगळं लिफ्टवर. पॉइंट, कार्बोरेटर, टॅपेट, वायरिंग माझ्याकडेच, +1.50 च्या चष्म्याने. उद्याच नंबर काढायला जातोय. आणि गुडघ्यापेक्षा मला कानाची जास्त धास्ती बसलीय, तेव्हा यवतेश्वरवाल्यांच्या नातवाला एकदा आमच्याकडे पाठवा.

कुपवाडवाले, साताऱ्याहून पद्मिनी घेऊन हायवेने सावकाश येईन. रविवारी चालेल का?

कुपवाड_फिटर (सांगली)

रविवारी बंद काका. सोमवारी नऊच्या आत या, मग अकरापर्यंत लिफ्ट तुमचीच. येताना 20डब्ल्यू50 चा डबा घेऊन या, माझ्याकडं सगळं पातळ नव्या गाड्यांचंच ऑइल हाय.